निरोप्याने न विचारलेला प्रश्न

गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ते राज्य कुठे होतं हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. तिथे एक राजा होता आणि तो मनाने फार हळवा होता, असं तो स्वतःच सांगायचा. डोळ्यांसमोर कुणी कोंबडी कापलेली त्याला खपत नसे. "मारणं" हा शब्द दरबारात कुणी उच्चारायचा नाही, असा त्याने दंडकच घातला होता.

मग नको असलेल्या माणसांचं तो काय करायचा? त्यांना निरोप पाठवायचा.

बांबूची एक नळी आणि तिच्या तोंडाला लाखेची मोहर. राजा ती आपल्या निरोप्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "अमक्याला आमचा निरोप द्या." निरोप्या जायचा आणि तो अमका पुन्हा कुणाला जिवंत दिसायचा नाही. नळी रिकामीच असायची. पहारेकऱ्यांनी निरोप्याला आत सोडावं, एवढाच तिचा उपयोग. बघा, राजाने आयुष्यात कुणाला मारायला सांगितलं नाही! त्याला जेवण गोड लागायचं.

गोड लागत नव्हतं ते निरोप्याला. आपली गोष्ट त्याची आहे.

निरोप्याला दोन नियम होते. पहिला, निरोप काय आहे हे विचारायचं नाही. दुसरा, जो निरोप पोचत नाही तो नेणाऱ्याच्याच घरी येतो. दुसऱ्या नियमाचा अर्थ त्याला कुणी फोड करून सांगितला नव्हता. तशी गरजही नव्हती.

सोळा निरोप पोचवून झाल्यावर तो थकला. जेवताना मागून मांजर गेलं तरी हातातला घास खाली पडायचा. शेवटी त्याने राजाकडे रजा मागितली. राजाने हळव्या मनाने ती दिली. "जा," तो म्हणाला, "पण आमच्या घराण्यातून बोलावणं आलं, तर यावं लागेल."

निरोप्या लांब डोंगरातल्या एका गावात जाऊन राहिला. दोर वळणाऱ्या एका विधवा बाईशी त्याने लग्न केलं आणि तिचाच धंदा शिकला. दोर वळताना एकाने टोक धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पीळ देत मागे मागे सरकायचं. टोक बायको धरायची. आधी काय करत होता, असं तिने एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, "निरोप पोचवायचो." खोटं तर नव्हतं.

नऊ वर्षं गेली. हळूहळू पुरा घास पोटात जाऊ लागला. आणि मग एका सकाळी अंगणात घोडेस्वार येऊन उभा राहिला. जुना राजा वारला होता, त्याची मुलगी गादीवर बसली होती आणि नव्या राणीने निरोप्याला बोलावलं होतं.

"अहो, कोण हो ते?" टोक हातात तसंच धरून बायकोने विचारलं.

"राजवाड्यात दोर हवेत म्हणे."

"दोरांसाठी घोडेस्वार?"

छपरात खोचून ठेवलेला पातळ सुरा त्याने तिच्या नकळत काढला, खेचरावर खोगीर चढवलं आणि निघाला. जायचं नव्हतं, तरी निघाला. न पोचलेला निरोप कुठे येतो हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या घरात आता एक बाई दोराचं टोक धरून उभी होती.

राणी वयाने लहान होती. डोळे रडून सुजले होते. शेजारी जुना प्रधान खाली मान घालून उभा होता.

"माझे काका सरहद्दीवरच्या गढीत राहतात," राणी म्हणाली. "बाबांशी भांडून गेले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यांना आमचा निरोप द्यायचा आहे. काम नाजूक आहे. बाबा म्हणायचे, तुम्ही नेलेला निरोप कधी वाया गेला नाही."

तिने मोहर केलेली नळी पुढे केली. निरोप्याने ती घेतली. सख्खा काका! बापाने निदान भावाला तरी सोडलं होतं. पोरगी बापाच्याही पुढे गेली म्हणायची.

"लवकर परत या," राणी म्हणाली.

असं जुना राजा कधी म्हणाला नव्हता. निरोप्या दारात थबकला. विचारावं का? पण निरोप्याने विचारायचं नसतं. त्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने नजर चुकवली, कारण त्यालाही तेच वाटलं होतं जे निरोप्याला वाटलं. आणि खात्री करून घ्यायची हिंमत त्याच्यातही नव्हती.

सरहद्द तीन दिवसांच्या वाटेवर होती. निरोप्याचं कशातच लक्ष लागेना. तो खोगिरावर बसायचा, उतरायचा, चार पावलं चालायचा, पुन्हा बसायचा.

"धनी," खेचर वैतागून म्हणालं, "एक काय ते ठरवा. माझ्या पाठीला तुमच्या मनातलं कळत नाही."

"चाल मुकाट्याने."

"चालतो. पण त्या नळीत काहीतरी खुळखुळतंय."

"वारा असेल."

"मोहर लावून बंद केलेल्या नळीत?"

"त्या नळ्या रिकाम्या असतात. सोळा नेल्यात मी."

"तुमचे सोळा झाले असतील, धनी. बाईसाहेबांचा तर हा पहिलाच." खेचराने कान हलवले. "माझा बाप गाढव होता, त्यामुळे मला कुणाला काही विचारायची लाज वाटत नाही. तुमची काय अडचण आहे?"

निरोप्याने टाच मारली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीत आल्यावर त्याने अचानक लगाम खेचला आणि खेचराचं तोंड राजवाड्याकडे वळवलं. परत जायचं. राणीसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, बाईसाहेब, निरोप म्हणजे काय, एकदा तोंडाने सांगा.

दोन कोस तो तसा गेला. मग त्याला वाटलं, राणी चिडली तर? संशय आला म्हणून दुसराच कुणी माझ्या गावाकडे निघाला तर? बायकोचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. तो थांबला. बराच वेळ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि पुन्हा खिंडीकडे वळला. या वेळी खेचराला ओढावं लागलं.

गढी नावालाच गढी होती. पडक्या तटाच्या आत एक म्हातारा उन्हात बसून शेंगा सोलत होता. त्याने निरोप्याच्या हातातली नळी पाहिली, आणि शेंगांचं सुपडं बाजूला सारलं.

"आलास का? बारा वर्षं वाट बघतोय. माझ्या भावाला काही तुला पाठवायचं धाडस झालं नाही."

"राणीसाहेबांचा निरोप आहे," निरोप्या म्हणाला.

भावाने पाठवलं असतं, तर म्हातारा हसला असता. "तिने? स्वतः सांगितलं तुला?"

"स्वतः. रडून डोळे सुजले होते त्यांचे."

"म्हणजे लाज तरी आहे." म्हाताऱ्याने नळी हातात घेतली, फिरवून पाहिली. "माझा एक मित्र होता. एका सकाळी तो घरात मेलेला सापडला आणि उशाशी अशीच नळी होती. मी फोडली. आत काही नव्हतं. मग भर दरबारात जाऊन भावाला विचारलं, निरोप म्हणजे काय ते एकदा स्पष्ट सांग. त्याचंच तर भांडण." त्याने ती न फोडताच अंगणात भिरकावून दिली. "रिकाम्या नळीचा मला वीट आलाय."

"मागच्या दाराने निघून जा, मालक," निरोप्या कसाबसा बोलला. "मी पाहिलं नाही असं सांगेन."

"आणि तुझ्या घरी कोण आहे?"

निरोप्याने मान खाली घातली.

"मग पुढचं बोलू नकोस. खांद्यावर बसवून फिरवलं होतं रे मी तिला. तिला तोंड उघडून सांगता आलं नाही, एवढंच दुःख आहे. कर तुझं काम."

यापुढचं सांगत नाही, लहान मुलं ऐकताहेत. पण नाही, सांगतो. गोष्ट सांगणाऱ्यानेही पळवाट काढू नये. त्याने त्या म्हाताऱ्याला सुऱ्याने मारलं.

मग तो पायरीवर बसला. अंगणात खेचर नळी हुंगत होतं. त्याने एक खूर उचलला आणि नळीवर ठेवला. नळी फुटली आणि आतून कागदाची सुरळी बाहेर आली.

निरोप्याने अक्षर अक्षर लावत ती वाचली. "काका, बाबा गेले. भांडण त्यांच्याबरोबर गेलं. आता घरी या. मला एकटीला या गादीवर बसायची भीती वाटते."

त्याने ते चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी ते तसंच होतं.

तो पळून जाऊ शकला असता. सरहद्द शंभर पावलांवर होती. खेचराने त्या बाजूला तोंडही वळवलं. पण निरोप्या चालत निघाला तो राजवाड्याकडे, आणि या वेळी तो तीन दिवसांत एकदाही खोगिरावर बसला नाही.

दरबार भरला होता. राणी लगबगीने उठली. "भेटले काका? काय म्हणाले?"

"राणीसाहेब, मी त्यांना मारलं."

प्रधान घाईघाईने पुढे झाला. "म्हणजे यांचं म्हणणं असं, की यांनी त्यांना निरोप..."

"नाही," निरोप्या म्हणाला. "मारलं. त्यांच्याआधी सोळा जणांना मारलं. तुमच्या वडिलांच्या सांगण्यावरून. ते त्याला निरोप म्हणायचे. तुम्हीही तोच शब्द वापरलात, आणि मी विचारलं नाही."

राणी मटकन खाली बसली. काका गेला होता. आणि कोंबडीसाठी हळहळणारा तिचा बाप, तोही त्या क्षणी दुसऱ्यांदा गेला. ती सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. कितीतरी वेळाने तिने वर पाहिलं.

"मला सुळावर चढवा," निरोप्या म्हणाला.

"सूळ तुम्हाला सोपा जाईल. त्या सोळा घरी जा. दारात उभं राहून सांगा, कुणाला मारलं आणि कुणाच्या सांगण्यावरून. माझ्या वडिलांचं नाव घ्या, गाळू नका. पुढे ते घर तुमचं काय करील ते करील. आणि आधी स्वतःच्या घरी सांगा."

तो गावी पोचला, तेव्हा बायको अंगणात एकटीच दोरासाठी वाखाचे धागे विंचरत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. ती ऐकत राहिली.

"सतरा जण?"

"सतरा."

"नावं सांगा त्यांची."

निरोप्याने सांगायला सुरुवात केली. अकरा नावं झाली आणि तो अडखळला. आठवेना. कुणी सावकार होता, कुणी वैद्य होता, एकजण फक्त उंच होता. त्यांच्यासाठी 'निरोप' हा एक शब्द पुरेसा ठरला होता, नावाची गरजच लागली नव्हती.

"मी तुमच्यासाठी नऊ वर्षं टोक धरून उभी होते हो," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "नावं शोधून आणा. सतरा होतील तेव्हा दार वाजवा." आणि तिने दार लावून घेतलं.

तो निघाला. पहिल्या घरात त्याच्यावर कुत्री सोडली. चौथ्या घरातल्या म्हातारीने ते एकच वाक्य त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, मग खाली बसली आणि म्हणाली, "एवढी वर्षं वाटायचं, तो मला टाकून गेला." बाराव्या घरात तो गेला आणि बाहेर आला नाही. तोवर त्याच्याजवळ सोळा नावं झाली होती.

राणीने पुढे राज्य केलं. तिच्या दरबारात प्रत्येक हुकूम साध्या शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलावा लागे. त्यामुळे कितीतरी हुकूम बोलणाऱ्याच्या ओठांवरच राहून गेले.

सांगायचं ते एवढंच: जे काम त्याच्या खऱ्या नावाने सांगता येत नाही ते कुणाला सांगू नये, आणि खरं नाव विचारल्याशिवाय कुणी ते करूही नये.