ऑगस्टातला चंदनबटवा

"तिसऱ्या वर्षाचं काय केलंत, सर?"

खोडे सरांनी मान वर केली नाही. ओसरीतल्या बाजेवर बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. दाणे टरफलांच्या ढिगात पडत होते आणि टरफलं दाण्यांच्या ताटात.

"बस, बापा. उन्हाचा आलास."

हेमराज देवतळे बसला नाही. तो आता नुसता हेमराज राहिला नव्हता. तणशास्त्र विभागाचा प्रमुख होता. तणनाशकांवरचे त्याचे शोधनिबंध परदेशातल्या परिषदांत वाचले जात. आणि उद्या सकाळी विद्यापीठाच्या आढावा बैठकीत त्याचा शब्द शेवटचा असणार होता.

उद्याचा विषय एकच होता. कपाशीच्या दोन ओळींत बोरू, म्हणजे ताग, पेरायचा, फुलावर येण्याआधी कापायचा आणि तिथंच अंथरायचा. त्याच्या आच्छादनाखाली तण दबून जातं, फवारणी लागत नाही. ही पद्धत शेतकऱ्यांना सांगावी की नाही, एवढंच ठरायचं होतं. वैजयंती गेडाम नावाच्या तरुण शास्त्रज्ञ बाईंनी त्यावर आठ वर्षं घालवली होती. पण पाया खोडे सरांचा होता, सव्वीस वर्षांपूर्वीचा.

त्या पायाला भोक होतं. प्रयोग तीन वर्षांचा, आकडे दोनच वर्षांचे. 'तिसऱ्या वर्षाची नोंदवही पावसात भिजून खराब झाली,' असं खोडे सरांनी तेव्हा समितीला लिहून दिलं होतं. तीन वर्षांचे आकडे नाहीत म्हणून पद्धत फायलीत पडली, ती पडलीच.

"कपाट आवरताना तुमची निवृत्तीच्या वेळची यादी सापडली," हेमराज म्हणाला. "तुमच्याच अक्षरातली. 'तिसऱ्या वर्षाची नोंदवही, स्वतःकडे ठेवली.' भिजलेली वही कुणी घरी नेतं का, सर?"

शेंग फुटल्याचा आवाज झाला. दुसरी फुटली.

"आकडे तुमच्या विरुद्ध गेले. म्हणून वही लपवली. खरं ना?"



"उद्या मी हे सगळ्यांपुढं सांगणार आहे. गेडामबाईंचा प्रस्ताव फेटाळला जाईल. तुमचं नावही... माझा नाइलाज आहे. शास्त्रापुढं गुरू मोठा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत."

हे वाक्य त्यानं गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते त्याला थोडं पोकळ वाटलं. पण तो मागं हटला नाही.

सर उठले. भिंतीला हात लावत आत गेले. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला... मग बराच वेळ काहीच नाही. हेमराजच्या मानेवरून घाम ओघळत होता. म्हातारा वही फाडून टाकतो की काय, असं एकदा त्याच्या मनात आलं. तो दारापर्यंत गेलाही.

सर बाहेर आले. हातात हिरव्या पुठ्ठ्याची लांबट वही होती. तिच्यावर पाण्याचा एक डागही नव्हता.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "तू वाच. मोठ्यानं."

"शेवटचे आकडे वाचतो."

"पहिल्या पानापासून."

हेमराजनं वही उघडली. निळ्या शाईतलं तिरकं, घाईचं अक्षर. शेताच्या कुठल्या तुकड्यात कुठलं तण किती, हे त्या वर्षी तोच मोजून लिहीत असे. तेव्हा तो सरांच्या हाताखाली पीएचडी करत होता. आपलंच अक्षर पाहून त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

"तुकडा नंबर एक. नुसती कपाशी. चौदा ऑगस्ट. लव्हाळा एकतीस. केना बावीस. दुधी सोळा. तुकडा नंबर दोन. कपाशी आणि बोरू. लव्हाळा पाच. केना तीन..."

तो थांबला. पाच? तीन?

"पुढं," सर म्हणाले.

तुकडा तीन, चार, पाच, सहा. जिथं बोरू होता तिथं तण नावाला होतं. आकडे सरांच्या विरुद्ध नव्हते. उलट पहिल्या दोन वर्षांपेक्षा चांगले होते. मग लपवायचं काय होतं? हेमराज भराभर वाचू लागला. आवाज नकळत चढला.

"तुकडा नंबर सात. कपाशी आणि बोरू. लव्हाळा बेचाळीस!" त्यानं बोट पानावर आपटलं. "हे बघा, सर. बोरू असून बेचाळीस. हे दडवलंत तुम्ही. हराळी एकोणीस. चंदनबटवा अकरा..."

आवाज तिथंच तुटला.

"काय म्हणालास?"

"चंदनबटवा... अकरा."

"तारीख कोणती आहे?"

हेमराजनं तारीख पाहिली. ती पाहायची गरज नव्हती.

"सतरा ऑगस्ट."

ओसरीत माशी घोंघावत होती. 

चंदनबटवा थंडीत उगवतो. हरभऱ्यात येतो, गव्हात येतो. भर पावसाळ्यात, कपाशीच्या शेतात, एका तुकड्यात अकरा रोपं... पहिल्या वर्षाच्या मुलानं असं लिहिलं असतं तर हेमराजनं वर्गापुढं त्याची वही भिरकावली असती.

आणि मग त्याला तो दिवस आठवला. इतकी वर्षं तो कुठं गेला होता कोण जाणे.

मोजणी अर्धी टाकून तो दोन दिवसांसाठी नागपूरला मुलगी पाहायला गेला होता. सरांना सांगितलं नव्हतं. परत आला तेव्हा सात नंबरचा तुकडा लख्ख होता. खुरपणीच्या बायकांना कुणी अडवलं नाही, त्यांनी आपलं काम केलं होतं. मोजायला एक काडी शिल्लक नव्हती. वर्ष वाया गेलं तर पदवी लांबणार. लग्न लांबणार... तो बांधावर बसला, आदल्या हिवाळ्यातल्या हरभऱ्याच्या नोंदी काढल्या आणि त्यातले आकडे इथं उतरवले. पाच मिनिटांचं काम. एक पान.

तो आता बसला. बाजेवर नाही, ओसरीच्या पायरीवर.

"तुम्हाला कधी कळलं?"

"वाचलं तेव्हाच."

"मग मला बोलला का नाहीत?"

"वाट पाहिली."

"किती दिवस?"

सर नुसते त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले.

"एकच पान होतं, सर. ते काढून टाकायचं. बाकीची पानं खरी होती."

"खरी होती?"

"होती! शपथेवर सांगतो."

"आज सांगतोस. तेव्हा मला कोण सांगणार होतं? एक पान खोटं निघालं. बाकीची त्याच हातची. मी कुठल्या तोंडानं ती समितीपुढं ठेवू?"

"मग माझं नाव सांगायचं."

"तुझी पदवी गेली असती. वही भिजली म्हटल्यावर तुला कुणी अडवलं नाही."

"तुमची पद्धत गेली, सर! सव्वीस वर्षं..."  विभागाचं प्रमुखपद सरांना कधीच मिळालं नाही. लोक मागून त्यांना 'बोरूवाले' म्हणून हसत. त्या हसण्यात हेमराजही असे. आणि फवारणीचे प्रयोग वाढत गेले, त्यांवर तो मोठा होत गेला.

राग कुणाचा आला ते त्याला कळेना. पण आला.

"तुम्ही समितीला खोटं लिहून दिलंत. वही भिजली नव्हती."

"नव्हती."

"शिष्याला वाचवायचं म्हणून शास्त्राशी खोटं बोललात. ते माझ्यापेक्षा वाईट आहे."

"वाईटच आहे," सर म्हणाले. "तेही सांग उद्या."

हेमराजनं वही मिटली. फाडली तर? हा एकच कागद होता. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. उद्या जे ठरवून आला होता तेच बोलला तर त्याला खोटं म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. त्याला स्वतःच्या बोटांची भीती वाटली...

"वही इथं ठेवू, सर?"

"तुझी आहे."

तो वही घेऊनच गेला.

रात्री झोप लागली नाही. सकाळी बैठकीत चाळीस माणसं होती. गेडामबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समोर आठ वर्षांच्या आकड्यांचे तक्ते होते. हेमराज उभा राहिला आणि त्यानं सात नंबरचं पान मोठ्यानं वाचलं. चंदनबटव्यापाशी मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग हसणारा गप्प झाला, कारण हेमराजनं सांगितलं की हे अक्षर त्याचं आहे.

त्यानं सगळं सांगितलं. नागपूर सांगितलं. बांधावरची पाच मिनिटं सांगितली. सरांनी समितीला काय लिहून दिलं, तेही सांगितलं. 

चौकशी लागली. प्रमुखपद त्यानं त्याच दिवशी सोडलं. पदवीचा निर्णय वर व्हायचा होता. समितीनं प्रस्ताव फेटाळला नाही, पण मान्यही केला नाही. मूळ प्रयोगाचं राहिलेलं वर्ष पुन्हा करा, त्याच रानात, बारा तुकडे, मगच या, असा आदेश निघाला.

चार दिवसांनी गेडामबाई खोडे सरांकडे आल्या. हेमराजही आला होता, पण तो फाटकापाशीच उभा राहिला. कुणी आत बोलावलं नव्हतं.

"सर, माझं वर्ष गेलं," गेडामबाई म्हणाल्या.  "आठ वर्षं मी एक आकडा इकडचा तिकडं केला नाही. आणि शिक्षा मला."

"हो," सर म्हणाले.

"तुम्ही तेव्हाच खरं सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती."

"नसती आली. माझं चुकलं, पोरी."

गेडामबाईंना वाटलं होतं म्हातारा काहीतरी समजूत घालील.  त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पिशवीतून कागद काढले.

"रान मिळालंय. बियाणं मिळालंय. खुरपणीच्या बायकांना मी स्वतः सांगणार आहे. फक्त मोजणीला माणूस पाहिजे. प्रयोग माझा, म्हणून मोजणी मी करायची नाही, असं समितीनं म्हटलंय. तिऱ्हाईत पाहिजे. कुणाचं नाव देऊ?"

सरांनी फाटकाकडे तोंड वळवलं. तिथं कुणी उभं आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. हेमराजनं श्वाससुद्धा रोखला होता.

गेडामबाईंनी त्यांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाही, सर..." त्या म्हणाल्या. "कुणीही चालेल. पण ते नकोत. लोक काय म्हणतील? मी त्यांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवू?"

हेमराजनं मान खाली घातली. बाई खरं बोलत होत्या. तो जायला वळला.

"लिही," खोडे सर म्हणाले. "स्वतःचं खोटं सगळ्यांपुढं वाचलंय त्यानं. मोजणी हेमराज करील."