खुडूक कोंबडी आणि जगबुडी

फार पूर्वी, जेव्हा माणसं शेजाऱ्याला विचारायची गोष्टसुद्धा देवाला विचारत, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात देवीचं दगडी देऊळ होतं आणि त्या देवळात कौल लावायची रीत होती.

कौल लावणं म्हणजे असं. पुजारी फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवायचा आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायचा. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न जमवायचं, विहीर खणायची, पेरणी धरायची, सगळं त्या पाकळ्यांवर. एकदा तर एका बाईनं, रुसलेल्या जावेशी आपण आधी बोलावं का, यासाठीही कौल लावला होता. डावी पाकळी पडली, आणि त्या जावा मरेपर्यंत बोलल्या नाहीत.

एका वर्षी उन्हाळा फार कडक झाला. झरे आटले. धुळीनं आभाळ दिवसभर तांबडं दिसायचं. बाजाराला गेलेली माणसं परत येताना बातमी घेऊन आली की जगबुडी होणार आहे, सगळीकडे तेच बोलतात. बातमी कुणी आणली, कुठून आणली, हे कुणी विचारलं नाही. सगळा गाव देवळात जमला.

गावच्या मानकऱ्यानं हात जोडून विचारलं, "आई, हे जग टिकणार की बुडणार?"

त्या दिवशी देवळाच्या दारातून गरम वारा भणभण आत येत होता. कळशीत पाणी तळाला गेलेलं, म्हणून पुजाऱ्यानं पाकळ्या नावापुरत्याच ओल्या केल्या होत्या. बघता बघता त्या वाळल्या आणि सगळ्याच्या सगळ्या एकदम खाली पडल्या. असा कौल गावात कुणी पाहिला नव्हता.

"उजवं नाही, डावं नाही," पुजारी म्हणाला. "सगळंच पडलं. म्हणजे सगळंच जाणार. येत्या पुनवेला."

खरं सांगायचं तर वाऱ्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. पण तोवर बायका रडायला लागल्या होत्या. एवढ्या माणसांना रडवल्यावर 'मी पाणी कमी लावलं' असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

गाव आधी रडला. मग गावाला भूक लागली. जग जाणारच आहे, तर मागे ठेवायचं कुणासाठी? बकऱ्या कापल्या, कोंबड्या कापल्या. शेणानं लिंपून बंद केलेल्या बियाण्याच्या कणग्या फोडल्या आणि पेरायचं धान्य दळून त्याची गोडधोड जेवणं झाली. बैलांना आता पाण्यावर कोण नेणार, म्हणून त्यांची दावी सोडली; ते डोंगर ओलांडून कुठे गेले ते कुणी पाहिलं नाही. अंगणात दिवसभर चुली पेटलेल्या असायच्या. एवढं सगळं झालं, पण शेवट जवळ आला म्हणून कुणी कुणाची माफी मागितल्याचं मात्र ऐकिवात नाही.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. तिला ना मूल ना बाळ. एक झोपडी, भोपळ्यात साठवलेली थोडी नाचणी आणि एक ठिपक्यांची कोंबडी, एवढाच तिचा संसार. म्हातारीही काही जगावेगळी नव्हती. तिनंही कौल पाहिला होता आणि तीही घाबरली होती. चार दिवस ती नुसती भिंतीला टेकून बसून होती. मग तिला वाटलं, मरायचंच आहे तर एकदा रस्सा पिऊन मरावं. तिनं विळी काढली आणि कोपऱ्यातलं डालगं उचललं.

डालग्याखाली कोंबडी खुडूक होऊन बसली होती. पिसं फुलवून, अंडी पोटाखाली घेऊन. म्हातारीनं हात पुढे केला तशी तिनं अशी चोच मारली की बोटातून रक्त आलं.

"अगं शहाणे," म्हातारी म्हणाली, "पुनवेला जग बुडायचंय! तुझी पिल्लं निघायची ती पुनव उलटल्यावर. उगीच कशाला जीव जाळतेस?"

कोंबडीनं मान आखडून घेतली आणि पुन्हा डोळे मिटले.

म्हातारी विळी बाजूला ठेवून तिथेच बसली. बसून बघत राहिली. कोंबडी चोचीनं एकेक अंडं फिरवी, कडेचं मधे घेई, मधलं कडेला सारी. दिवसातून एकदा उठून चार दाणे टिपी, पाण्यात चोच बुडवी आणि लगबगीनं परत येऊन बसे. तिच्या त्या कामात कुठे घाई नव्हती, कुठे रडणं नव्हतं. म्हातारीनं आयुष्यभर देवळात डोकं टेकलं होतं, पण तिथे कधी मिळाला नाही तेवढा धीर तिला त्या डालग्यापाशी मिळाला. तिचे डोळे भरून आले. देव कुठे बसतो हे आपल्याला उशिरा कळलं, असं तिला वाटलं. तिनं विळी उचलून ठेवली, झोपडी झाडली, आणि भोपळ्यातली नाचणी पेरणीसाठी तशीच राखायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती देवळात जाऊन सगळ्यांना म्हणाली, "माझी कोंबडी अंड्यांवर बसलीय. जरा थांबा. बियाणं खाऊ नका."

लोक खो खो हसले. मानकरी म्हणाला, "म्हातारे, कोंबडीला काय कळतंय जगबुडीतलं?"

"आणि आपल्याला काय कळतंय?" म्हातारीनं विचारलं.

"आपल्याला देवीनं सांगितलंय," पुजारी म्हणाला, आणि जेवणाची पंगत बसली.

त्या गर्दीत एकच बाई हसली नाही. ती मानकऱ्याची धाकटी सून. तिला दिवस गेले होते. कौल झाल्यापासून घरात कुणी तिच्या पोटाकडे बघत नसे. बाळंतपणासाठी ठेवलेलं तूपसुद्धा सासूनं पुरणपोळ्यांवर वाढून संपवलं होतं. पंगत उठल्यावर ती गुपचूप म्हातारीच्या झोपडीत आली.

"आजी, मला बघू दे ना."

म्हातारीनं डालगं उचललं. सून उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिली. मग एकदम हुंदका देऊन म्हणाली, "हिच्यासारखीच मीपण बसलेय गं आजी. मला घरात कुणी विचारत नाही."

"मग हिच्याकडे बघ आणि बसून राहा," म्हातारी म्हणाली. "हिनं कुठे कुणाला विचारलंय?"

त्यानंतर सून रोज यायची. कोंबडीला तिची सवय झाली. तिच्या हातातले दाणे ती खाऊ लागली. जाताना सून आपल्या पोटावर हात ठेवायची आणि हसायची. सगळ्या गावात तेवढी दोनच माणसं पुनवेपलीकडचं काही बोलत होती.

पुनव आली. लोक देवळासमोर एकमेकांना धरून बसून राहिले. चंद्र उगवला, मावळला. सूर्य वर आला. कावळे ओरडायला लागले.

आता आनंद व्हायला हवा होता. पण रिकाम्या कणग्या आठवून कित्येकांचे चेहरे पडले. बुडालं असतं तर निदान शहाणे तरी ठरलो असतो, असं काहींना वाटलंही असेल. पुजारी घाईघाईनं उठला. या खेपेला त्यानं पाकळ्या चांगल्या निथळत भिजवल्या आणि संकट टळलं का, म्हणून कौल लावला. उजवी पाकळी पडली.

"देवीनं संकट टाळलं!" तो ओरडला. "आपल्यासाठी टाळलं! आता आजच्या आज कोंबडी कापून तिला मान द्यायला हवा. नाहीतर टळलेलं परत येईल."

लोकांना हायसं वाटलं. आपण मूर्ख नव्हतो, तर देवीचे लाडके होतो. पण मान द्यायला कोंबडी आणायची कुठून? सगळी खुराडी रिकामी होती. मग एकाला आठवलं आणि सगळी गर्दी मानकऱ्याच्या मागे गावाच्या टोकाला निघाली.

म्हातारी दारात आडवी उभी राहिली. "अरे, अंड्यांतून आवाज येतोय," ती म्हणाली. "आतून चिवचिव चाललीय. दोन दिवस थांबा रे. पिल्लं निघाली की तुमच्याच अंगणात फिरतील. गावात दुसरी कोंबडी उरली नाही."

"देवीला थांबवायचं?" मानकऱ्यानं विचारलं.

म्हातारीनं गर्दीत बघितलं. सासऱ्याच्या मागे धाकटी सून उभी होती.

"तू सांग गं यांना," म्हातारी म्हणाली. "तू रोज बघितलंयस. तुझं ऐकतील. पोटुशी बाई आहेस तू, तुझा शब्द देवीपुढेही मोडत नाहीत."

ते खरं होतं. त्या गावात पोटुशा बाईनं पदर पसरून काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नव्हती. गर्दीनं सुनेला वाट करून दिली. मानकरीसुद्धा वळून बघायला लागला. सुनेनं पदर हातात घेतला. सासूनं तिच्याकडे नुसतं बघितलं. सुनेचा हात खाली आला, आणि मानही.

मग काय व्हायचं ते झालं. कोंबडीला अंड्यांवरून ओढून काढलं तेव्हा ती गर्दीतल्या प्रत्येक हाताला चोच मारत होती. सुनेच्या हाताला मात्र नाही. तो हात तिच्या ओळखीचा होता. सासूनं कोंबडी तिच्याचकडे धरायला दिली होती.

म्हातारीनं अंडी पदरात घेऊन पोटाशी बांधली आणि चुलीशेजारी पडून राहिली. दोन पिल्लं निघाली. बाकीची अंडी गार पडली.

पुढे पाऊस आला, चांगला भरपूर आला. जमीन भिजून तयार झाली आणि तिच्यात टाकायला गावात दाणा नव्हता, ओढायला बैल नव्हते. म्हातारीच्या परसात तेवढी नाचणी उगवली. लोकांनी रानातला पाला खाऊन बघितला, मग एकेक घर बोचकी बांधायला लागलं. निघतानाही त्यांनी कौल लावलाच, कुठल्या दिशेला जावं म्हणून.

जायच्या दिवशी सून म्हातारीच्या दारात आली. तिचं पोट आता चांगलंच दिसत होतं आणि चेहरा ओढलेला होता.

"आजी," ती म्हणाली, "तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," म्हातारी म्हणाली.

आणखी काही ऐकायला मिळेल असं सुनेला वाटलं असावं. म्हातारीनं आत जाऊन भोपळ्यात उरलेली मूठभर नाचणी आणली आणि तिच्या पदरात बांधून दिली. तेवढ्यात दोन्ही पिल्लं म्हातारीच्या लुगड्यामागून बाहेर आली. सुनेनं खाली वाकून हात पुढे केला.

"नको," म्हातारी म्हणाली. "ती अजून माणसांना ओळखत नाहीत. तेवढंच त्यांचं बरं आहे."

सुनेनं हात मागे घेतला आणि ती वाटेला लागली.

तात्पर्य: ज्या मुक्या जिवाकडे बघून आपण धीर धरला, त्याच्यावर सुरी आली की आपलं तोंड उघडलं पाहिजे, नाहीतर जग वाचूनही आपल्याला त्यात राहायला जागा उरत नाही.