बांगडीची निशाणी

फिरंग्यांच्या राज्यात, समुद्राकाठच्या एका गावात नागूबाई राहायची. तिचा नवरा तांडेल, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. शंकराला बेल वाहायचा आणि पाण्याकडे बघत बसायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

गावच्या फिरंगी हाकिमाचा डोळा मात्र तिच्या नारळीच्या वाडीवर. त्याने लॅटिनमध्ये कागद केला आणि तिला बोलावून त्याचा अर्थ सांगितला: नवरा बुडून मेला, वाडी सरकारजमा.

"आता खाली निशाणी कर."

"मला यातलं काय कळतंय, सरकार?"

हाकीम ऐटीत म्हणाला, "लॅटिनमध्ये सुब्स्क्रिबेरे म्हणजे खाली लिहिणं. ते शिकलेल्यांचं काम. तू करायचं ते सुब्सिग्नारे, म्हणजे खाली खूण करणं. खूण केलीस की वरचं सगळं तुला कबूल."

"खूण कसली करू?"

"तुम्हा बायकांची असते ती, बांगडीची! दुसरी इथे चालत नाही."

नागूबाईचे डोळे भरून आले. तिने हिरव्या बांगड्यांचा हात पुढे केला.

"सरकार, कागदात वर म्हणता नवरा मेला. तो मेला असेल तर माझ्या हातात बांगडी कुठली? आणि बांगडीची खूण तुम्हाला चालत असेल, तर माझं कुंकू शाबूत आहे. मग वाडी कशी घेता?"

हाकिमाने कागद गुंडाळला.

वाडी वाचली. नवरा काही आला नाही. त्या संध्याकाळीही नागूबाईने दारात दिवा लावला. देवा महादेवा, वाट बघणाऱ्या बाईच्या दिव्याला तेल कमी पडू देऊ नकोस.