मैफिलीच्या अटी

“तुम्ही नाव का नाही सांगितलंत, अक्का?”

शर्वाणी हर्डीकर मध्यंतरात धावतच बाहेर आली होती. तुमच्या गुरू बाहेर पायऱ्यांवर बसल्यात, असं कुणीतरी तिला आत सहज सांगितलं होतं.

इंदिराअक्का खरंच पायरीवर बसल्या होत्या. आजूबाजूला आणखी वीस-पंचवीस माणसं.

“सांगितलं की,” अक्का म्हणाल्या. “इंदिरा म्हटलं. ही म्हणाली, तिकीट बरोबर आहे, पण उशीर झालाय.”

दारावरच्या सुमनने गणवेशाची टोपी उगीच सारखी केली. “मला काय ठाऊक, ताई? कागदावर लिहिलंय, पाचनंतर कुणालाही सोडायचं नाही.”

कागद शर्वाणीचा होता. पुण्यात नाव झाल्यापासून प्रत्येक मैफिलीआधी ती तो पाठवायची. पाचनंतर दार बंद. लहान मुलं नकोत. काठ्या, छत्र्या, पिशव्या, फोन दारावर काढून घ्यायचे. माईक कोणता, स्पीकर कुठे, सगळं लिहिलेलं. शेवटच्या रांगेत तिचा श्वाससुद्धा ऐकू गेला पाहिजे. इचलकरंजीत, आपल्या गावात, ती नऊ वर्षांनी गात होती. इथे तर तिने दोनदा फोन करून बजावलं होतं.

“चला आत. कलाकारांच्या दाराने जाऊ.”

“आणि ही मंडळी?”

यंत्रमागावरून थेट आलेले चौघे होते, केसांत अजून सुताची कुसं. तान्हं बाळ घेतलेली एक बाई होती. काठीशिवाय पाऊल न टाकता येणारे एक म्हातारे मास्तर होते.

“नियम सगळ्यांना सारखा असतो, अक्का.”

“मग मलाही असू दे.”

शर्वाणीला राग आला. पहिला भाग ती एकही चूक न करता गायली होती. तरी काहीतरी लागत नव्हतं. समोर माणसं परीक्षेला बसल्यासारखी ताठ होती. स्पीकरमधून तिला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. एकदाही कुणाची दाद आली नव्हती, आणि आता या बाई पायरीवर हटून बसल्या होत्या.

“सुराला शांतता लागते, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“शिकवलं. मागांच्या गल्लीत.”

बारा वर्षं शर्वाणी अक्कांच्या खोलीत शिकली होती. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडायचे. अक्कांनी खिडकी कधी लावून घेतली नव्हती.

“तेव्हा इलाज नव्हता, अक्का. आज आहे. मी मिळवलीय ही शांतता. ती का सोडू?”



अक्कांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढलं आणि शर्वाणीच्या तळहातावर ठेवलं.

“घे. आता अगदी शांत आहे,” त्या म्हणाल्या. “गा.”

शर्वाणी ते इवलंसं यंत्र हातात घेऊन उभी राहिली. अक्का तिच्या ओठांकडे बघत होत्या, खऱ्याच ऐकायला बसल्यासारख्या. तिने तोंड उघडलं...

सूर फुटला नाही.

तेवढ्यात सभागृहाचे व्यवस्थापक नाईकनवरे दारात आले. “ताई, दुसरी घंटा झाली.”

शर्वाणीने यंत्र अक्कांच्या हातात परत दिलं. त्यांनी ते कानात बसवेपर्यंत ती थांबली. मग वळली.

“दार उघडा. यांना सगळ्यांना आत घ्या. सुमन, पिशव्या तपासायच्या तर तपास, पण काढून घेऊ नकोस. काठी तर नाहीच नाही.”

“ताई, त्या कागदावर सही तुमची आहे,” नाईकनवरे म्हणाले.

“माझीच आहे. म्हणून मीच मोडतेय.”

“बरं. माझं काही नाही.”

“आणि स्पीकर बंद करा.”

आता मात्र नाईकनवऱ्यांचा चेहरा उतरला. “नऊशे खुर्च्यांचं सभागृह आहे हे. मागे एक अक्षर पोचायचं नाही. लोक उठून जातील. तुमच्याच गावात तुमचं हसं होईल.”

“होऊ दे.”

“साऊंडवाला ऐकणार नाही.”

“मग मी माईकशिवाय बसते. काय करणार?”

ती मंचावर जाऊन बसली. माईक तिने स्वतःच उचलून बाजूला ठेवला. सभागृहात कुजबुज सुरू झाली, ती थांबायची वाट न बघता तिने षड्ज लावला. तो पुढच्या दोन रांगांपलीकडे गेला की नाही, तिला कळलं नाही. उघड्या दारातून मागांची खडखड येत होती. बाळ रडलं आणि तिची तान मध्येच तुटली. तिने ती पुन्हा घेतली. पुन्हा तुटली.

मग खुर्च्या वाजू लागल्या.

एक, दोन, मग कितीतरी. पावलं वाजली. मंचावरच्या दिव्यांपलीकडे तिला काही दिसत नव्हतं. तबलजीने घाबरून तिच्याकडे पाहिलं. माईक हाताच्या अंतरावर होता.

जा, तिने मनात म्हटलं. ज्यांना जायचंय त्यांनी जावं. एक माणूस उरला तरी मी हा राग पुरा करणार.

तिने डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा तान घेतली. या वेळी घसा खरखरला, पण तान तुटली नाही. कुणीतरी अगदी जवळून हुंकार भरला. ती त्या हुंकाराला धरून पुढे गेली, आणि मग किती वेळ गायली याचं तिला भान राहिलं नाही.

पडदा पडला. टाळ्या वाजल्या, पण किती जणांच्या ते तिला उमगेना. ती घामाने भिजली होती. अक्का सुमनच्या खांद्यावर हात ठेवून पडद्यामागे आल्या.

शर्वाणी वाकून पाया पडली. “मागे ऐकू गेलं का, अक्का?”

“नाही.”

“खुर्च्या वाजत होत्या...” तिचा आवाज बसला होता. “किती जण उठले?”

“जवळजवळ सगळेच,” अक्का म्हणाल्या. “ऐकू येईना, म्हणून पुढे येऊन बसले.”