मुकं कथील

आटपाट नगर नाही की राजाराणी नाही. साधं बाजाराचं गाव होतं, आणि त्या गावात हैदरचाचा नावाचा एक कल्हईवाला राहत होता. गावातलं प्रत्येक तांब्यापितळेचं भांडं त्याच्या हाताखालून जायचं.

कथील म्हणजे मऊ, गरीब धातू. त्याची तलवार होत नाही की दागिना होत नाही. पण तांब्यात मिसळलं तर कासं होतं, देवळातली घंटा होते, आणि भांड्याला आतून कल्हई म्हणून फासलं तर आमटी कळकत नाही. नाहीतर उघड्या पितळेत चिंच घातली, की जेवणारा आडवाच! म्हणून घरोघरच्या बायका कल्हईवाल्याची वाट बघायच्या.

खरं कथील ओळखायची खूण सोपी. कांडी कानाशी धरून वाकवली, की ती कुरकुरते. शिसं मिसळलेलं असलं, की मुकी राहते. आणि शिसं म्हणजे विषच, माणसाला हळूहळू खंगवणारं. चाचा दरवर्षी धोंडूशेटच्या दुकानातली कांडी कानाशी वाकवूनच घ्यायचा. यंदा दिवाळी तोंडावर आलेली, भांड्यांचा ढीग पडलेला. 'शेटशी इतक्या वर्षांचा घरोबा, आता कान काय लावायचा!' असं म्हणून त्याने कथील तसंच घेतलं. इथेच चुकलं.

गावभर कल्हई झाली. भांडी आरशासारखी चकाकली. उरलेल्या कांड्या ठेवून देताना एक कांडी चाचाच्या हातात सहज वाकली. आवाज नाही. दुसरी वाकवली. तीही मुकी. चाचाने त्या दोन्ही कांड्या मुठीत घेतल्या.

आणि निघाला तो तडक शेटच्या दुकानात.

"हळू बोल रे बाबा," शेट म्हणाला. "थोडंसं शिसं आहे, त्याने कोण मरतंय? आणि कल्हई लावली कोणी? तूच ना? बोभाटा केलास तर लोक तुलाच झोडपतील."

घरी बायको अमीनाही घाबरली. "गप्प राहिलात तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!" चाचा म्हणाला. "त्या भांड्यांवर हात माझा फिरलाय."

त्याने भाता वाहणारं गाढव विकलं. तालुक्याला जाऊन एकेक कांडी वाकवून खरं कथील आणलं. मग भाता स्वतःच्या पाठीवर टाकून तो दारोदार फिरू लागला. "माझं चुकलं. कथलात शिसं होतं. भांडं द्या, खरवडून फुकट नवी कल्हई करतो."

आता लोक ते लोकच! चकाकणारं भांडं खरवडायला कोण देतं? कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला वेड लागलं. कुणी तोंडावर दार लावलं. शेट तर दुकानात बसून सांगत सुटला, "माझं कथील अस्सल आहे. हा आपलं कच्चं काम झाकतोय." आणि लोकांना ते पटलंही. राग येतो हो अशांचा!

चाचा मात्र हटला नाही. ज्या घराने दार लावलं, त्याच घराच्या ओट्यावर तो बसून राहायचा. शिव्या खायचा, पण उठायचा नाही. शेवटी कंटाळून घरातली बाई भांडं आणून आदळायची, "घे बाबा, कर एकदाचं!" तो ते खरवडायचा, नवी कल्हई करायचा आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसायचा. असं करत करत सगळं गाव झालं. राहिलं फक्त धोंडूशेटचं घर.

चाचा तिथे बसला तेव्हा गंमत बघायला ही गर्दी! शेट दारात येऊन गरजला, "ऊठ इथून! आमची भांडी तुझ्याकडे आलीच नव्हती. यंदा द्यायची नाहीत, असं मी घरात बजावलं होतं."

त्याची बायको यमुनाबाई नातीला भरवत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, बजावलं होतं खरं. पण दिवाळीला काळी भांडी कशी ठेवू? मी दिली होती. तुमचंच तर कथील, अस्सल! शकूची आमटी रोज याच पातेल्यात करते."

शेटचा चेहरा पांढराफटक पडला. शकूने आमटीची वाटी तोंडाला लावली होती. शेट धावला आणि त्याने ती वाटी हाताने उडवून दिली. आमटी भिंतीवर उडाली. पोर रडायला लागली.

यमुनाबाईने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं, घरातलं एकूण एक भांडं बाहेर आणलं आणि चाचापुढे ठेवलं.

चाचाने निखारे पेटवले. "शेट," तो म्हणाला, "या, भाता धरा."

आणि साऱ्या गावादेखत धोंडूशेट खाली बसला आणि भाता ओढू लागला.

तात्पर्य: दोष कुणाचाही असो, काम आपल्या हातचं असेल तर ते निस्तरायचंही आपल्याच हाताने, आणि जे दुसऱ्याच्या ताटात वाढायला आपल्याला काही वाटत नाही, ते एक दिवस आपल्या लेकराच्या ताटात येतं.