गुडघ्याएवढा बांध

समुद्र माणसांशी बोलायचा, त्या काळातली ही गोष्ट. एका उधाणाला तो खाडीकाठच्या वाडीत शिरला आणि ओशाळून म्हणाला, "मुद्दाम आलो नाही रे. तुमच्या चुनाभट्ट्यांच्या धुरानं हवा तापली, मलाही ताप चढला. अंग फुगलंय, आवरत नाही."

वाडीनं बांध घातला. तो फुटला. पुन्हा घातला, पुन्हा फुटला. दर वेळी बांधाला खुंट हवेत म्हणून लोक चिखलातली कांदळाची झाडं तोडत.

शेवटी एकच कांदळ उरलं. वाडीतली येसूबाय कोयता घेऊन त्याच्यापाशी गेली. फांद्यांवर शेंगांसारखी लांब, हिरवी रोपं लोंबत होती.

"बाय गं, पोरं अजून अंगावरच?"

"खारं पाणी सोसायचं बळ आल्याशिवाय खाली कशी सोडू?" कांदळ म्हणालं. "आता झालीत तयार. मला तोड हवं तर, पण आधी त्यांना चिखलात रोव."

भर पाण्यात उभी राहून लेकरं वाढवणाऱ्या त्या आईकडे येसूबाय बघतच राहिली. मग कोयता टाकून तिनं पदराची ओटी केली आणि रोपं घेतली. तिच्यामागून सगळी वाडी चिखलात उतरली. चुनाभट्ट्याही लोकांनी विझवल्या.

पुढच्या उधाणाला समुद्र आला. "यंदा बांध नाही घातलात?"

"घातला तर!" येसूबायनं इवल्या पानांकडे बोट दाखवलं. "अजून गुडघ्याएवढाच आहे. जरा दमानं ये, बाबा."

ताप थोडा उतरला होता. समुद्र अंग चोरून आला आणि एकही पान न मोडता परत गेला.