धुनीवरची रेती

"पण महाराज, चिमटा त्याला का?"

केवलनाथाचा आवाज चढला होता. वाळवंटापलीकडच्या मठाची गादी रिकामी पडली होती. गुरूच्या हातून धुनीचा चिमटा ज्याला मिळेल, त्याने तिकडे जाऊन धुनी पेटवायची, अशी रीत. सकाळी चिमटा मिळाला तो सोहननाथाला.

दारातून त्याचा उंट दूर, ठिपक्याएवढा दिसत होता. मागे क्षितिज पिवळं पडू लागलं होतं.

उमेदीनाथ महाराजांनी धुनीच्या कडेची गार राख तळहाताने थापली.

"आला तेव्हा त्याला शंखसुद्धा फुंकता येत नव्हता," केवलनाथ म्हणाला. "मीच शिकवलं. दरडावून, रडवून शिकवलं."

"खरं आहे."

"मग त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त काय आहे?"

"काही नाही... वादळ येतंय. त्यातली धूळ कोण उठवतं रे?"

"वारा. हे काय विचारणं झालं?"

"मग या राखेवर फुंक."

केवलनाथाने गाल फुगवून फुंकर घातली. थापलेली राख जागची हलली नाही. त्याने पुन्हा जोर लावला. चेहरा लाल झाला, राख तशीच.

"आज जेवला नाहीस वाटतं," महाराज म्हणाले.

त्यांनी उंबऱ्याशी साचलेली रेती मूठभर उचलली आणि तिरकी फेकली. कण टणटण उडाले, आपटले, पुन्हा उडाले. राखेचा लोट उठला. दारातल्या वाऱ्याने तो उचलला, खिडकीबाहेर नेला. केवलनाथ पाहत राहिला... दिसेनासा होईपर्यंत.

"धूळ जमिनीला धरून असते," महाराज म्हणाले. "नुसत्या वाऱ्याला दाद देत नाही. रेती उड्या मारते, आपटते, तेव्हा सुटते. एकदा सुटली की मुलूखच्या मुलूख ओलांडते."

"आणि रेती?"

"या टेकडीवरून त्या टेकडीवर."

केवलनाथाने धुनीकडे पाहिलं. रेती पडली तिथेच होती, राखेत अर्धी रुतलेली.

"म्हणजे सोहन गाजणार, आणि मी इथेच आपटत राहायचं?"

महाराजांनी रेतीसकट राख पुन्हा थापून सारखी केली.

बाहेर वारा वाढला. अंगणातल्या खेजडीच्या झाडाखाली परवा आलेला एक उंटवाला गुडघे कवटाळून बसला होता. दीक्षा हवी म्हणून आलेला. आल्यापासून ना हसला, ना कुणाशी बोलला. वादळ दिसत होतं तरी तो आत यायला तयार नव्हता.

"त्याला तुम्ही समजावलंत ना?" केवलनाथाने विचारलं.

"दोन दिवस."

"मग?"

महाराजांनी हाताची राख झटकली.

"फार घट्ट आहे, केवल. माझ्या फुंकरीने हलत नाही."